खिरीची वाटी

इगतपुरी,
१९ मे १९८४

ती. वत्सलाताईस,
झुंबरचा सप्रेम जयभीम. पत्र लिहिण्यास कारण, करुणाला शेजारी ठेवून, तू देवळ्याहून परत यायच्या तासभर आधी मी पळालो. इथे माझा दोस्त सहादू, त्याच्या खोलीवर आहे. माझी काळजी करू नकोस, तेवढी माझी लायकी राहिलेली नाही.

बुद्धपौर्णिमेला काय झालं ते शेजारच्या शकुबाईंनी सांगितलंच असेल. माझ्याकडूनही ऐक. करुणाला इन्सुलिनचं इंजेक्शन मी वेळेवर दिलं, सिरिंज उकळून, तू शिकवलंस तसं. नंतर लगेच तिला भाकरी द्यायची होती. पण विहारात मैना खीर वाढत होती. म्हटलं, करुणाला घेऊन पाच मिनिटं डोकावून येऊ. तिथे मैनाच्या भावानं सगळ्यांदेखत विचारलं की कॉलेज सोडलेल्याचं इथे काय काम. माझं डोकं सटकलं. मी त्याची गचांडी धरली. भाकरी घरीच झाकलेली राहिली.

करुणा माझा शर्ट ओढत होती. कसंतरी होतंय, खीर दे म्हणत होती. मला वाटलं, आई नाही म्हणून पोरगी हट्टाला पेटली. खिरीचा थेंबही नको, असं तू बजावलेलं. मी तिच्या हातातली वाटी हिसकावली, ताई. वर ओरडलो. ती घामानं चिंब होऊन खाली बसली. मैनानंच हातातलं ओगराळं टाकून तिला खीर भरवली. अशा वेळी काय करायचं ते तू तिला नळावर कधीतरी सांगून ठेवलं होतंस म्हणे. पोरीनं डोळे नीट उघडल्यावर मैना मला एवढंच म्हणाली, की भांडण उद्याही करता आलं असतं.

तुला तोंड दाखवायची हिंमत नाही. आता येणार नाही.
कळावे,
तुझा नालायक भाऊ,
झुंबर

नाशिक,
२३ मे १९८४

चि. झुंबरास,
ताईचा जयभीम आणि आशीर्वाद. करुणा बरी आहे. मामा आपल्यावर रागावून गेला असं तिला वाटतं. ते तूच येऊन निस्तर.

तुझा राग आला. खूप आला. पण चूक एकट्या तुझी नाही. काय द्यायचं नाही ते मी तुला शंभरदा सांगितलं. घाम आला, हात थरथरले तर आधी साखर दे, हे मात्र एसटीत चढता चढता सांगितलं. तुझं लक्ष तेव्हा कुठे होतं ते मी विचारत नाही.

दुसरं, जे कोणाला बोलले नाही. देवळ्याला मैत्रिणीकडे, सुलाच्या घरी मी ऊन अंगावर येईपर्यंत झोपले. चार वर्षांत अशी झोप नाही. उठल्यावर बराच वेळ मला करुणा आठवलीच नाही आणि बरं वाटत होतं. घरी आल्यावर शकुबाईंनी सगळं सांगितलं. त्या झोपेची अजून शरम वाटते. वस्तीतल्या बायका म्हणतात, आई फिरायला गेली आणि पोर मरता मरता वाचलं.

आता पुन्हा तिच्या मानेवर हात ठेवून पडते, घाम आला तर कळावं म्हणून. तुझे दाजी सुई बघून बाहेर जातात. तुला शिकवलं तेव्हा मला मागे कोणी आहे असं वाटलं होतं. झुंबर, तू शरमेनं पळालास, पण दार माझं बंद झालं.

लोभ आहेच, पण लांबून नको.
तुझी ताई

इगतपुरी,
२७ मे १९८४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. पत्र वाचून सहादूसमोर रडलो. तो अजून चिडवतो.

येत्या रविवारी येतो. महिनाभर तुझ्यासमोर सगळं करीन, तू नुसती बघ. साखरेची पुडी खिशात आत्तापासूनच ठेवतो. शर्टात मुंग्या फिरतात, फिरू देत. मैनाच्या भावाची माफी मागेन. मैनाकडे मान वर करून बघायला वेळ लागेल.

एक मागणं आहे. मी शिकलो असं तुला पटलं, की तू पुन्हा देवळ्याला जा. बायकांना काय बोलायचं ते बोलू दे.
तुझा,
झुंबर

देवळा,
७ जुलै १९८४

चि. झुंबरास,
अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. सुलानं कांदे निवडायला बसवलं, पण रात्री लवकर झोपवलं. सकाळी जाग आली तेव्हा पहिली करुणाच आठवली. मग कूस बदलली आणि पुन्हा झोपले. शरम थोडी वाटली, जाईल हळूहळू.

मैना रोज संध्याकाळी करुणाला बघायला येणार आहे. तिला मीच सांगितलंय. खिशातल्या मुंग्या तेवढ्या झटक.

पोस्टमन बहुधा सकाळीच येईल, इंजेक्शनच्या सुमाराला. या पत्राचं उत्तर लिहीत बसू नकोस. आधी तिला जेवू घाल.
तुझी,
ताई