गोल विश्वाची अट

मी, खाली सही करणारा, धंद्याने पत्रेकाम करणारा, वय चोपन्न, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोकं शाबूत आहे, घरच्यांचं मत काहीही असो.

१. राहतं घर पत्नीचं. त्यात कोणी वाटा मागू नये.

२. माझी शिडी थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. ती तशीही त्याच्याकडेच आहे. मागूनही परत मिळालेली नाही.

३. मी जोडलेला पितळी सळ्यांचा सापळा ही चार मितींच्या घनाची तीन मितींतली सावली आहे. लांबी, रुंदी, उंची या तिन्हींशी काटकोनात असलेली चौथी दिशा मी त्यावरून घरच्यांना वर्षानुवर्षं समजावतो आहे. दादा त्यावर शर्ट वाळत घालतो. "दिशा कुठली का असेना, वाळतात छान," म्हणतो. त्याच्या हाती गेला तर सापळा भंगारात जाणार.

४. कारखाना व सापळा मुलीला. ~~मात्र विश्व गोल, स्वतःत मिटलेलं आहे, हे तिने लेखी मान्य करावं. अन्यथा दोन्ही दादाला.~~

५. वरील अट खोडली आहे. कारण नोंदवतो. मुलीने ती वाचली आणि म्हणाली, "बाबा, आकाश मोजणाऱ्यांना विश्व जवळजवळ सपाट दिसतंय. खोटं लिहून कारखाना घेऊ? द्या काकांनाच."

"सपाट म्हणजे पसरतच जाणार. नाहीतर कुठेतरी काठ हवा," मी म्हणालो.

तिने पत्र्यावर त्रिकोण आखला, पत्रा गुंडाळून नळी केली. "बिघडले का त्रिकोणाचे कोन? पत्रा सपाटच राहिला, तरी त्यावर सरळ चालणारा फिरून जागेवर येतो."

"आणि नळीची टोकं?"

"तीही जोडायची."

मी रागाने नळी वाकवून टोकं जुळवायला गेलो. पत्रा चुरगळला.

"इथे तीन मितींत चुरगळणारच, बाबा. तुमच्या चौथ्या दिशेने वाकवा ना."

ज्या दिशेपायी मी घरादाराशी भांडलो, ती हिने माझ्यावरच उलटवली. दोन दिवस पत्रा पुढ्यात घेऊन चूक शोधली. सापडली नाही. विश्व तसंच आहे हे यातून सिद्ध होत नाही, एवढं स्पष्ट नमूद करतो.

६. कारखाना व सापळा विनाअट मुलीचा. मी उठलो तर वाद पुढे चालेल. न उठलो तर तिचं म्हणणं खोडून काढायला घरात कोणी उरणार नाही; ते काम तिनेच करून पाहावं. ही अट नाही, विनंती आहे.

खाडाखोडीजवळ माझी सही आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं. विश्वाच्या आकाराबाबत दोघांनीही हात वर केले.

साक्षीदार: कोपऱ्यावरचा शिंपी (सही)
समोरची औषधवाली (सही)

लिहून देणार: पत्रेवाला (सही)
स्थळ: कारखाना, पत्रा कापायच्या टेबलाशी
दिनांक: १२ मार्च