कॉम्प्युटरला न सांगितलेली गोष्ट

पिंप्राळा, बुधवार, संध्याकाळ

मी सांगते, नात लिहिते. आम्ही लोकांच्या लग्नांची कामं घेतो, त्याचं बठ्ठं, सगळं म्हणजे सगळं, तिने कॉम्प्युटरात भरलं. कोणाकडे बट्ट्या कोण तळतं, कोणाचे मामा कशावरून रुसतात, सारं माझ्याच डोक्यातलं. तेव्हापासून चार दिवस मला कोणी काही विचारलेलं नाही. फोन वाजतो, पण तिचाच.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगितली नव्हती. देवपूरच्या ज्या घरचं लग्न आता घेतलंय, तिथे नवरदेवाच्या आत्याला हाताला धरून आणल्याशिवाय पंगत बसत नाही.

"आजी! लग्न रविवारी आहे! अजून काय काय लपवलंय?"

"पुष्कळ. रोज एक सांगेन, समोर बसून चहा घेतलास तर."

खरं म्हणजे आता एकही गोष्ट उरलेली नाही.

लिही गं, थांबलीस का?