बॉनेटवर पाण्याचा पेला

३ सप्टेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोन तुम्ही उचलत नाही म्हणून पत्र लिहिते आहे. मागच्या आठवड्यात अकरा वेळा केला, डायरीत नोंद आहे. आत्या म्हणाली, तुम्हाला हल्ली फोनचा कंटाळा येतो. असेल.

बातमी अशी की आम्ही जुनी गाडी घ्यायची ठरवली आहे. दोन गाड्या नजरेत आहेत आणि किंमत दोघींची सारखीच, त्यामुळे तोही निकष गेला. एक पांढरी, अकरा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, एका संगीतशिक्षिकेची. दुसरी करडी, बारा वर्षांची, डिझेलची, गुरांच्या डॉक्टरांची. पांढरी आतून अत्तराच्या बाटलीसारखी आहे. करडीच्या डिकीत अजून गवत सापडतं. ह्यांना पांढरी आवडली, कारण ती चालू आहे की बंद हे कळतच नाही. मला अजून काहीच आवडलेलं नाही, कारण दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून व्हायचे आहेत. लेक म्हणते, आईची यादी संपेपर्यंत दोन्ही गाड्या भंगारात गेलेल्या असतील.

तुम्ही चाळीस वर्षं डिझेलचे पंप दुरुस्त केलेत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून तुम्ही दुखणं सांगायचात आणि ट्रकवाले निमूट मान डोलवायचे. तर या रविवारी याल का? स्टँडवर घ्यायला येते. दोन्ही इंजिनं एकदा तुमच्या कानावरून गेली की मी सुटले. येणं जमत नसेल तर मी फोन इंजिनजवळ धरते, तुम्ही तिथून ऐका.

प्रकृतीला जपा. लोभ आहे तो वाढवा, आणि राग असेल तर तोही कळवा.

तुमची,
तराजू

*

८ सप्टेंबर

चि. तराजूस,
अ. उ. आ.

तुला हे नाव मी उगाच नाही ठेवलं. लहानपणी दोन चॉकलेटं समोर धरली तर तुझ्या हातात ती वितळायची, पण कोणतं खायचं ते ठरायचं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत रसायनं तोलायची नोकरी तुला मिळाली तेव्हा मी म्हटलं, सरकारने माणूस बरोबर ओळखला.

माझा गुडघा धरला आहे, बस नको. फोनवर इंजिन ऐकवू नकोस. फोनमध्ये सगळी इंजिनं सर्दी झाल्यासारखी वाजतात. मी सांगतो तसं कर.

गेल्या गेल्या बॉनेटला हात लाव. कोमट लागलं तर मालकाने तू यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती असं समज आणि चहा पिऊन परत ये. इंजिन गार असतानाच खरं बोलतं. मग चालू करायला सांग आणि बॉनेटवर सपाट जागा बघून स्टीलचा पेला ठेव, काठोकाठ पाणी भरून. डिझेलवर पाणी जास्त नाचणार, त्याला घाबरू नकोस. नाच एका ठेक्यात आहे का ते बघ. मध्येच ठेका चुकला तर एखादा सिलिंडर लंगडतो आहे. शेवटी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धर, धुरात काजळी किती ते दिसेल. जावईबापूंचा धर.

राहिलं पेट्रोल की डिझेल. माझा ठोकताळा असा, की महिन्याला आठशे किलोमीटरच्या आत फिरणार असाल तर पेट्रोल, वर असाल तर डिझेल. डिझेलला लांब पल्ला लागतो. रोज चार पावलं फिरवून उभं केलं की आत काजळी धरते, आणि मग माझ्यासारखा म्हातारा शोधत हिंडावं लागतं. जन्मभर सगळ्यांना हेच सांगत आलो.

पण तुला म्हणशील तर डिझेल घे.

आत्या बरी आहे, शिलाई मशीनवर आणि माझ्यावर तिचं राज्य चालू आहे. सगळ्यांना आशीर्वाद.

बाबा

*

१५ सप्टेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

प्रयोग केले, निरीक्षणं कळवते. बॉनेट दोन्ही गार. पांढरीवरचं पाणी जवळजवळ निश्चल, मात्र दर दहा-बारा सेकंदांनी एक उचकी. बाई म्हणाल्या, ती तिची सवय आहे. करडीवर पाणी असं उसळलं की अर्धं बॉनेटवर सांडलं, पण ठेका एकदाही चुकला नाही. डॉक्टर पेल्याकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं, ही पद्धत कुठे शिकलात. मी सांगितलं, घरीच. ह्यांचा रुमाल कामी आला. आता तो गाडी पुसायलाच ठेवला आहे.

मग किलोमीटर मोजले. घर ते कॉलेज जाऊन-येऊन चौदा, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे तीनशे छत्तीस. तुमच्याकडे जाऊन-येऊन दोनशे साठ. महिन्यातून एकदा तरी तुमच्याकडे येते असं मी सगळ्यांना सांगते, म्हणून तसंच धरणार होते. पण डायरी उघडली. गेल्या वर्षभरात मी चार वेळा आले. चारच. दोनदा मोजलं, बदललं नाही. तेवढ्यावर महिन्याची सरासरी सव्वाचारशेच्याही खाली येते, म्हणजे तुमच्याच नियमाने पेट्रोल. मग मला डिझेल का सुचवलंत?

डायरीतच आणखी एक सापडलं, ते विचारल्याशिवाय पत्र बंद करवत नाही. मे महिन्यात मी आले तेव्हा तुम्ही मागच्या शेडमध्ये बाकावर पंप उघडून बसला होतात. दारात उभी राहून मी तीन हाका मारल्या. तुम्ही वळला नाहीत. मी पिशवी घेऊन मुकाट स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी लिहिलं आहे की बाबा रुसलेले आहेत, का ते विचारायचं धाडस झालं नाही. त्यानंतर चार महिने मी आलेच नाही. कामं होती हे खरं, पण तेवढंच खरं नाही. माझं काय चुकलं?

उत्तराची वाट बघते. कमी-जास्त लिहिलं असेल तर पदरात घ्या.

तुमची,
तराजू

*

१९ सप्टेंबर

चि. भाचीबाईस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून तुझा बाप दोन दिवस शेडमध्येच बसला. मग ते माझ्या हातात देऊन म्हणाला, मी रागावलेलो नाही एवढंच तिला लिही. लिहिलं. आता माझं.

अगं, त्याचे कान गेले आहेत. वर्ष होत आलं. उजवा जवळजवळ बंद, डाव्याला ओरडून सांगावं लागतं. गुडघ्याला काही झालेलं नाही, गेल्याच आठवड्यात शेडच्या पत्र्यावर चढला होता. फोन उशीच्या अभ्र्यात घालून ठेवला आहे. मला शपथ घातली आहे की कुणाला सांगायचं नाही, म्हणून गावभर मी त्याला तुसडा म्हणून खपवते आहे. तुसडा तो आहेच, त्यामुळे फारसं खोटं पडत नाही.

ज्या माणसाने कानावर पोट भरलं त्याला हे सांगायची लाज वाटते. पण गंमत बघ. मी मशीन चालवायला बसले की पलीकडच्या खोलीतून येऊन सांगतो, पट्टा सैल झाला आहे. तो जमिनीतून कळतो त्याला. दूधवाल्याचा डिझेलचा टेम्पो फाटकाशी आला की हा पातेलं घेऊन माझ्याआधी दारात. आणि परवा शेजारणीची नवी पेट्रोलची गाडी त्याच्या पाठीशी हॉर्न वाजवून वाजवून दमली, हा रस्त्याच्या मधोमध.

तू हाका मारल्यास हे त्याला तुझ्या पत्रातूनच कळलं. त्याने ती ओळ मला बोट ठेवून दाखवली.

शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी. तू ये.

तुझी,
आत्या

*

२४ सप्टेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आत्याने सगळं लिहिलं आहे. मला माहीत नसल्यासारखं लिहून बघितलं, दोन कागद फाडले, जमलं नाही. तिला बोलू नका.

मी तीन हाका मारल्या आणि चौथीच्या आधीच निष्कर्ष लिहून मोकळी झाले. प्रयोगशाळेत एवढ्याशा निरीक्षणावर मी पोरांना निष्कर्ष लिहू देत नाही, वही परत करते. ती पानं मी फाडणार नाही, पण खाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली आहे.

गणितही पुन्हा केलं. आधीचं चुकलं होतं, कारण त्यात गेलं वर्ष धरलं होतं आणि गाडी पुढच्या वर्षी चालायची आहे. दर पंधरा दिवसांनी शनिवारी तुमच्याकडे, म्हणजे महिन्याचे पाचशे वीस. कॉलेजचे तीनशे छत्तीस. एकूण आठशे छप्पन्न. तुमच्या नियमात बसतं, थोडंसंच, पण बसतं. एक शनिवार जरी चुकवला तरी आकडा आठशेच्या खाली येतो आणि काजळी धरते, हे मी लिहून गाडीत समोर चिकटवणार आहे.

करडी घेतली. हे म्हणाले, आवाज फार करते. मी म्हटलं, म्हणूनच घेतली. त्यावर ते डिकीतलं गवत झाडायला गेले.

शनिवारी सकाळी निघते. हॉर्न वाजवणार नाही, फाटकाशी इंजिन चालू ठेवून थांबेन. उघडलं नाही तर चौथी हाक मारायला आत येईन.

माया आहे तशी असू द्या.

तुमची,
तराजू

*

३० सप्टेंबर

चि. तराजूस,
अ. उ. आ.

तू गेल्यावर घर रिकामं झालं, डबे मात्र भरलेले राहिले.

फाटक उघडायला तुला उतरावं लागलं नाही, हे डायरीत लिहिलंस का? आत्या म्हणते मी सकाळी सातपासून फाटकात उभा होतो. तिचं ऐकू नकोस. मी साडेनऊपर्यंत खुर्चीत होतो, पाय जमिनीवर टेकवून. तू वडाच्या वळणावर खालचा गिअर टाकलास तेव्हा उठलो.

गाडीबद्दल. तू स्वयंपाकघरात गेलीस तेव्हा मी बॉनेटवर हात ठेवून बघितलं. इंजिनात दम आहे. तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर किंचित आळशी आहे, पाण्यात दिसला नसेल, तळहाताला लागतो. पुढच्या वेळी दोन तास जास्त काढून ये, काढून साफ करतो. कुठल्या गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नकोस.

कानाच्या डॉक्टरांकडे येईन. तुझ्या गाडीतून नेणार असशील तर. कानाला मशीन लावायची वेळ आली तर लावीन, पण कामाच्या वेळी काढून ठेवीन, हे आधीच सांगतो. फोन अभ्र्यातून बाहेर काढला आहे. निघताना एकदा वाजव. उचलणार नाही, पण घरघरला की हाताला कळतं, मग मी फाटकाकडे जातो.

जावईबापूंना म्हणावं, नवा रुमाल पाठवतो.

पाण्याचा पेला काठोकाठ भरून खिडकीत ठेवला आहे. बारा दिवस राहिले.

बाबा