बदलीचे चार तास

मंगळवार, ४ मार्च

गोंदियाजवळच्या गोरेगावकडची अकरा घरं आज संपली. फॉर्म अकरा, सह्या-अंगठे अकरा, पाठ एकच आणि तीही गेली. स्कूटरवर बसवत नाही.

प्रत्येक घरी कोणीतरी खाटेवर, आणि त्याचं सगळं करणारी एकच बाई. आपली संस्था जानेवारीपासून आठवड्यातून दोन दुपारी, बारा ते चार, शिकवून तयार केलेली सेविका तिथे पाठवते. घरच्या बाईला तेवढीच सुटी. गावात याला ‘बदली’ म्हणतात. बदलीवाली आली का, झालं. माझं काम एवढंच, या चार तासांचा उपयोग होतो का ते मोजायचं.

प्रश्न सातवा. सेविका असताना तुम्ही काय करता? झोप, बाहेर जाणे, करमणूक, इतर. तास लिहा.

अकराही जणी म्हणाल्या, “घरीच राहतो जी. कुठी जाऊ?”

केवढा जीव लावतात, असं वाटून मी खूशच झाले. सगळीकडे शून्य लिहिलं.

शुक्रवार, ७ मार्च

गोंदिया, ऑफिस. सरांनी शून्यांची रांग पाहिली. “मॅडम, कोई सोता नहीं, कोई जाता नहीं, तो हम भेज किसके लिए रहे हैं?” वापर शून्य म्हणजे गोरेगावची बदली ३१ मार्चला बंद. २८ पर्यंत पुन्हा विचारून नवे फॉर्म, सहीसकट, आले तरच काही होईल.

मग हळूच, “दो-दो घंटा नींद लिख दो ना.”

वाईट माणूस नाही. त्यांनाही बंद करायची नाहीये. पण मी नाही लिहिणार. अहंकार असेल. घरी आल्यावर एका फॉर्मवर पेन्सिलने लिहून पाहिलं मात्र. खोडलं.

मंगळवार, ११ मार्च

न कळवता गेले. भुमेश्वरीकडे. पंचेचाळीसची असेल. सासऱ्यांना तीन वर्षांपूर्वी लकवा, उजवी बाजू आणि वाचा गेली, नुसता आवाज निघतो. नवरा नागपूरला रखवालदार. सेविका निर्मला म्हाताऱ्यांना पेज भरवत होती. भू. घरात नाही.

“आत्ता तं होती जी.” निर्मला, माझ्याकडे न बघता.

घरामागे तलावाची पाळ, मातीचा उंच बांध. चढले. पाण्यात मधोमध एक डोकं. कोणी बुडतंय म्हणून हाक मारणार तेवढ्यात हात दिसले. एकामागून एक, सावकाश. बाई पोहत होती. पलीकडच्या काठाला लागली, वळली, परत आली. मला कंबरेएवढ्या पाण्याची भीती वाटते. मी तशीच उभी राहिले, ऊन लागत होतं तेही कळलं नाही. इतकं सुंदर काही मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

बाहेर आली. अंगात नवऱ्याचा फुल शर्ट, लुगड्याचा काष्टा. मला पाहून घाबरली नाही, चिडली. “पाळत ठेवून राहिले का मॅडम?”

मग बसली. तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. माहेरच्या तलावात भावांबरोबर शिकली. लग्नानंतर तेवीस वर्षं नाही. बदली सुरू झाली तेव्हा एकदा धुणं घेऊन आली आणि उतरली.

सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. “मामाजी आवाज देतात, तं झोपेतही आयकू येते. निर्मला असली तरी येते. पाण्याखाली नाही येत.”

मग, खाली बघत, “दिवाळीत मी त्याइच्यावर हात उचलला होता. मारला नाही. उचलला. आता नाही उठत.”

मी इतकी वर्षं मोजत आलेय. न उठलेला हात कोणत्या रकान्यात लिहायचा?

हे लिहू का, विचारलं. “लिवू नोका. सासरा खाटेवर अन् सून तलावात. गाव काय म्हनन? अन् मामाजीच्या कानावर गेलं तं?”

न लिहिलं तर बदली जाणार, हे सांगावंच लागलं. तिला माहीत नव्हतं. केस पिळता पिळता थांबली.

शनिवार, १५ मार्च

काल धुळवड. रंग अजून नखांत.

डोक्यात तेच. अकराही जणींनी मला फसवलंय, आणि चूक माझी आहे. खाटेवरच्या माणसाला परक्या बाईच्या हाती देऊन मी बाहेर जाते, हे कुठली बाई लिहून देईल? तेही त्याच खाटेशेजारी उभी राहून. मी सगळ्या मुलाखती खाटेशेजारीच घेतल्या. माणसासमोर विचारलेलं बरं दिसतं म्हणे. बावळट.

मंगळवार, १८ मार्च

मुद्दाम बारानंतर गेले. भू. तलावावर, निर्मला अंगणात भांडी घासत होती. म्हाताऱ्यांजवळ बसले. फॉर्मात एक प्रश्न खाटेवरच्या माणसालाही आहे. तिथे ‘बोलता येत नाही, लागू नाही’ असं लिहून मी मोकळी झाले होते. लाज वाटली म्हणून आज विचारलं, “बाबाजी, हे चार तास तुमच्या सुनेचे कसे जातात?”

मग डावा हात पांघरुणावर आला. बोटं जुळवली, पुढे सरकवली, बाजूला ओढली. पुन्हा. पुन्हा. म्हातारा पांघरुणावर पोहत होता. अर्धं तोंड हसलं.

निर्मला दारातून, “त्याइले पयल्या हप्त्यापासून मालूम आहे जी. केस ओले राहतात ना तिचे.”

लिहू? विचारलं. त्यांनी हात माझ्या वहीवर ठेवला आणि दाबला. त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. अंगावर काटा आला, अजून जात नाहीये. ती त्यांना कळू देत नाही, आणि कळलंय हे ते तिला कळू देत नाहीत. आणि मी आले मोजायला.

भू. आल्यावर सांगितलं. दारातच उभी राहिली. मग रागावलीच. “मालूम होतं तं दाखवाचं ना जी. मी उगाच पाळीवर कोरडं लुगडं नेसून येतो.” असं म्हणत त्यांच्या उशाशी बसली आणि दाढीला लागलेली पेज पुसायला लागली. पेज केव्हाच गेली होती, ती पुसतच होती.

नवा फॉर्म. बाहेर जाणे, दीड तास. पोहणे. सही केली.

शुक्रवार, २१ मार्च

सरांनी फॉर्म दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला. “तैरती है?” मग, “मॅडम, एक से नहीं होगा. बाकी दस?”

खरं आहे त्यांचं. एका फॉर्मवर कोण ऐकणार. दहा घरं, सात दिवस. खोटं न लिहिता. दोन घरी काल जाऊन आले, अंगणात बसवून विचारलं. “घरीच राहतो जी.” चहा मात्र दोन्हीकडे छान.

मंगळवार, २५ मार्च

तीन दिवस राहिले. भू.कडे सहज सांगितलं की बाकीच्या बोलत नाहीत. ती पाळीकडे निघालीच होती. टॉवेल खुंटीला लावला, “चला, मी येतो संग.”

दोन गल्ल्या पलीकडे डिलेश्वरी. तिशीची. नवऱ्याची कंबर ट्रॅक्टरखाली गेली, चार वर्षं झाली. पडवीत बसलो. आतल्या खोलीचं दार उघडं, खाटेचा कोपरा दिसतो. सातवा प्रश्न.

“घरीच राहतो जी.”

भू.ने आवाज न उतरवता सांगितलं, “मी तलावात पोहतो. मंगळवारी अन् शुक्रवारी. मामाजीले मालूम आहे. मॅडमनं लिवलं, मी सही केली.”

ज्या गावाला भीत होती त्याच गावाच्या भरपडवीत, वांग्याचा भाव सांगावा तसं. दार उघडं होतं. शेजारीण कुंपणाशी उभी होती. मला भू.कडे बघवेना, डोळे भरून आले.

डिलेश्वरी तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग उठून आत गेली.

हे पडवीतच खरडतेय. आत ती नवऱ्याशी काहीतरी बोलतेय, हळू. तोही बोलतोय. भू. गुडघ्याला मिठी मारून बसली आहे, घाई नाही तिला. तलावाचा तिचा वेळ चालला आहे.

आत दोघं गप्प झालेत. आता तिने बाहेरून दार ओढून घेतलं. येतेय.