मोडका डीएनए आणि मेंढीचं प्रथिन

लीड्स, रविवार

तीर्थस्वरूप सुचेताकाकूंना तनयाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढंच वाकले.) काकांचा गुडघा कसा आहे? आणि तुमची साखर? गोडाला हात लावत नाही असं फोनवर म्हणालात, ते मी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला असं नाही.

मी इथे प्रयोगशाळेत नक्की काय करते, असं तुम्ही नेहमी विचारता. आपल्या पेशींतला डीएनए रोज कुठे ना कुठे मोडतो. मोडला की काही प्रथिनं धावत येऊन त्या जागेला चिकटतात आणि डागडुजीला लागतात. ती कोणती, हे मला शोधायचंय. म्हणून मोडक्या डीएनएचे तुकडे चुंबकी मण्यांना जोडायचे, वर पेशींचा रस ओतायचा, धुवायचं, आणि तरीही जे चिकटून राहील ते प्रथिनं ओळखणारं यंत्र चालवणाऱ्या निवेदिताकडे द्यायचं. यंत्र नावं सांगतं. माझ्या यादीत पहिलंच नाव आलं मेंढीच्या केसांतल्या प्रथिनाचं. पेशी माणसाच्या, आणि मेंढी!

हा घातपातच. संशय लगेच शेजारच्या टेबलावरच्या अपूर्ववर. (सांगलीचा आहे.) रोज न चुकता चहा विचारायचा, इतकं चांगलं कोणी उगीच वागत नाही. शिवाय डब्यात मटण. (इथे ते मेंढीचं असतं.) मी नळ्यांवर खोटी नावं लिहिली, फ्रिजच्या दाराला सेलोटेप लावून पाहिली. ती दुसऱ्या दिवशी निघालेली होती. (फ्रिज अकरा जणांचा आहे, हे नंतर आठवलं.) शेवटी सोमवारच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, मटणाचे हात माझ्या नळ्यांना कोणी लावले, असं मी त्याला विचारलं. त्याने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं. त्यामुळे तर माझी खात्रीच पटली.

मीटिंग संपल्यावर निवेदिताने नुसतं माझ्या मनगटाकडे पाहिलं. कोटाच्या बाहीतून तुम्ही विणलेला निळा स्वेटर दोन बोटं बाहेर आला होता. आमची कोल्ड रूम चार डिग्रीची, तिथे मी तो रोज घालत होते, आणि लोकर म्हणजे मेंढीचेच केस. स्वेटर काढून प्रयोग पुन्हा केला. मेंढी गेली, खरी नावं आली, त्यातलं एक तर अगदी नवं. ते सांगायला शेजारी वळले, तर अपूर्व हेडफोन लावून बसलेला. काकू, मला फार वाईट वाटलं. तीन वर्षांत इथे आपुलकीने चहा विचारणारा तो एकच होता.

तुमची पुतणी,
तनया

ता. क. ती लोकर पश्मिना आहे असं तुम्ही सांगितलं होतंत. पश्मिना बकरीचा असतो. दुकानदाराने फसवलं, की तुम्ही मला?

ता. क. २. अपूर्वसाठी एक स्वेटर विणाल का? सुती धाग्याचा. नुसतं सॉरी म्हणायला तोंड उघडत नाही. तो जेवायला गेल्यावर त्याच्या कोटावरून चोरून माप घेत होते, तेवढ्यात तो परत आला. आता ड्रॉवरला कुलूप लावून जेवायला जातो. छाती बेचाळीस. बाह्या तेवढ्या अंदाजाने घ्या.