मागच्या दाराचा मुख्य माणूस

३ जानेवारी
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात. कंपनी माझ्या जिवावर वाढतेय, त्याची कुठे तरी नोंद हवी. आम्ही कॉम्प्युटर बनवतो, पण दुकान नाही. गिऱ्हाईक कॅटलॉग बघतं, फोन करतं, आम्ही खोक्यात भरून पार्सलने पाठवतो. मी पॅकिंगला.
संकल्प: वर्षाच्या आत सुपरवायझर. तोवर घरी पाऊल ठेवणार नाही. निघताना दाजी म्हणाला होता, ये फिरून, दुकानात तुझी जागा ठेवतो. रेडिओ दुरुस्तीचं दुकान! त्याच्या हाताखाली बसण्यापेक्षा विहिरीत उडी मारेन. मला पोहता येतं, हे त्याला माहीत नाही.

१९ जानेवारी
सुपरवायझरला मी भोंगा म्हणतो. मनात. भोंगा आज सगळ्यांसमोर ओरडला की मी खोक्यात फोम घालत नाही. फोमने खोका फुगतो, बेढब दिसतो. नजरच नाही अडाण्याला. मला मागच्या दारावर टाकलं. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली मशिनं तिथे उतरतात.
आधी अपमान वाटला. मग लक्षात आलं, अख्खं दार माझ्या एकट्याचं. ही बढतीच. ताईला फोन केला, डिपार्टमेंट मिळालं म्हणून. मागून दाजी विचारत होता, डिपार्टमेंटमध्ये माणसं किती? फोन ठेवला.

८ मार्च
पुढच्या दारातून माल कमी जातो, माझ्या दारात जास्त येतो. कुठलं डिपार्टमेंट जोरात आहे ते आंधळ्यालाही दिसेल. भोंग्याकडे हाताखाली माणसं मागितली. त्याने कपाळावर हात मारला. जळतो.
फोनवर तक्रारी घेणारी बाई जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, शिव्या खाऊनच पोट भरतं हल्ली. मी म्हणालो, तुमचा आवाजच तसा आहे, ऐकला की शिवी येतेच. ती ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. खरं कुणाला पचत नाही.

२ एप्रिल
शोध लावला!! आलेलं मशीन वर तपासायला पाठवायचं, असा नियम. वर तपासणारे दोघे, दोघेही मंद. ढीग छताला लागला. मी एक मशीन घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं, नव्या खोक्यात घातलं, नवं स्टिकर, आणि ढकललं पुढच्या दाराकडे. गेलं! नव्याहून चकचकीत होतं.

२१ एप्रिल
ढीग साफ. खुद्द मालक आले. पाठ थोपटली. कसं केलंस, विचारलं. म्हणालो, ते माझ्यावर सोडा. त्यांनी सोडलं. भोंग्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याची खुर्ची आता माझीच.

२६ मे
कोपऱ्यात ओरखडा असलेलं मशीन पुन्हा आलं. ओळखीचं झालंय. एवढा प्रवास करून एक स्क्रू ढिला नाही. चालू होत नाही, ती गोष्ट वेगळी. परत पाठवलं.

११ जुलै
माझ्यासोबत खोलीत राहणारा वेल्डर डोकं खातो. म्हणे, बंद मशिनं पुसून लोकांच्या गळ्यात मारतोस, एक दिवस सगळे आत जाल. म्हणालो, तू बनवलेली गेटं कधी परत येत नाहीत, तुला या कामातलं काय कळणार? पांघरूण ओढून झोपला. जिंकलो.

३० ऑगस्ट
ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या ऑफिसातून एक टायवाला आला. मालक जागेवर नव्हते. भोंगा कुजबुजत फिरला, कुणी काही बोलायचं नाही. मला मागे ठेवायचा डाव. मी स्वतः चहा घेऊन गेलो. मागच्या दारावर आणलं, सगळं करून दाखवलं. फडकं, खोका, स्टिकर. त्याने विचारलं, मालकांना माहीत आहे? म्हणालो, माहीत म्हणजे? पाठ थोपटलीय! भराभरा लिहून घेतलं. माझं नावही विचारलं, आडनावासकट. निघताना हात मिळवला. भोंगा भिंतीला टेकून उभा. त्याचं संपलं.

१४ सप्टेंबर
गेटला सील. नोटीस डकवलेली. सगळे रस्त्यावर. फोनवाली म्हणाली, आतल्याच कुणी तरी तोंड उघडलं. मी सगळ्यांदेखत सांगितलं, तो कोण ते कळू दे, तंगडी मोडून हातात देतो. सगळे माझ्याकडे बघत राहिले. अशा वेळी लोकांना पुढारी लागतोच.

२७ सप्टेंबर
चार कारखाने झाले. कुठेही मागचं दार रिकामं नाही. कुठून आलास विचारतात, कंपनीचं नाव सांगितलं की हसतात. ताईचा फोन: दाजीने तिकीट पाठवलंय. म्हणालो, येतो, पण भेटायला. राहायला नाही.

४ ऑक्टोबर
पोचलो. गाडीत रात्रभर उत्तरं तयार केली होती. दाजी हे म्हणाला तर मी ते. एकेक असं की पुन्हा तोंड वर करणार नाही.
दुकानात तो कुणाचा तरी रेडिओ उघडून बसला होता. जेवलास का, विचारलं. बस्स. संध्याकाळपर्यंत समोर उभा राहिलो. एक टोमणा नाही. फुकट गेली सगळी उत्तरं. शेवटी मीच म्हणालो, उद्या येईन म्हणतो नऊच्या सुमाराला, सहज.
मान वर न करता म्हणाला, आठला.