पपईच्या शेडमधले फोटो

चाचा, तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा शहाद्याच्या बाजारातला तुमचा फोटो स्टुडिओ आणि माझं घर यांत दोन गल्ल्यांचं अंतर होतं, पत्राची गरजच पडली नाही. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली. लिहायला कारण एक फोटो आहे. पुण्याचे एक प्रकाशक आपल्या भागातल्या पंक गाण्याच्या सुरुवातीच्या दिवसांवर पुस्तक काढताहेत आणि मुखपृष्ठावर त्यांना मी काढलेला एक फोटो हवा आहे.

पंक म्हणजे काय ते सांगायला हवं. तीन सूर, दोन मिनिटांचं गाणं, आणि त्यातही गाणं कमी, ओरडणं जास्त. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी पुरुषोत्तमनगरच्या पुढे एका शेतात, पपई भरायच्या शेडमध्ये, कॉलेजची चार मुलं दर रविवारी दुपारी ते वाजवायला लागली. स्पीकर मंडपवाल्याचे. ड्रमवर विसरवाडीच्या टायरवाल्याचा मुलगा. गाणारी मुलगी कारखान्याच्या कॉलनीतली, घरी कॉम्प्युटरचा क्लास सांगून यायची. तिचं एक गाणं म्हणजे एकच प्रश्न होता, घरात तिला रोज विचारला जाणारा, कुठे गेली होतीस: "कोठे गयथी? कोठे गयथी?" ऐकायला पंधरा-वीस जण, पपई गुंडाळायच्या रद्दीवर बसलेले.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो, कॅमेरा गळ्यातच असायचा. पहिल्या रविवारी मी तुमच्याकडे शिकलो तेच केलं. गाणं थांबवलं, उंच मुलं मागे, बुटकी पुढे, हनुवटी जरा खाली, श्वास रोखा. ड्रमवाला म्हणाला, "काका, हाऊ काय लगनना फोटो शे का?" पण उभे सगळे राहिले, हात पोटावर बांधून, गावच्या लग्नात मामाकडची माणसं उभी राहतात तसे. शेवटी ती मुलगीच वैतागली. "तुम्ही वाजाडा रे! काकाले काढू द्या." मग मी पहिल्यांदा हलणाऱ्या माणसांचे फोटो काढले. निम्मे पुसट आले. तुम्ही ते गिऱ्हाइकाला दिले नसते.

पाचव्या की सहाव्या रविवारी तो फोटो मिळाला. शेडच्या पत्र्यातून उन्हाची एक तिरीप तिच्या तोंडावर पडली आहे, डोळे मिटलेले, तोंड उघडं, मानेची शीर ताणलेली. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो तुम्ही कधी ठेवला नाहीत. मी ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला, तीन कॉलम.

इथे मला स्टुडिओतला एक दिवस सांगायचा आहे. मी एका शिक्षिकाबाईंचा फोटो तुम्हाला न सांगता बाहेरच्या शोकेसमध्ये लावला होता. तुम्ही नमाजाहून परत येता, काचेपुढे थांबता, आणि आत येऊन टोपीही न काढता विचारता, "इचारं का तिले?" मी म्हणतो, फोटो चांगला आलाय. "ते माले दिसस. इचारं का? नही? मंग काढ." नंतर तुम्ही स्वतः सायकलवरून बाईंकडे गेलात. त्या नको म्हणाल्या. ती जागा महिनाभर रिकामी होती, तुम्ही मुद्दाम तिथे दुसरं काही लावलं नाहीत.

तो फोटो पेपरात आला त्या दिवशी गाणाऱ्या मुलीचे वडील पेपरच्या कचेरीत आले. आवाज चढवला नाही. "फोटो चांगला काढेल शे भाऊ," ते म्हणाले. "माले सोडा, तिले तरी इचारं व्हतं का तुम्ही?" मी चहा मागवला, त्यांनी घेतला नाही. आठवडाभरात मुलगी सुरतेला मावशीकडे गेली, तिकडेच शिकली, तिकडेच लग्न झालं. बाकीच्या तिघांनी दोन रविवार वाजवून पाहिलं. नंतर दुसरी मुलं आली, आता नंदुरबारातही वाजवतात, पुस्तक त्यांच्यामुळेच निघतंय. ती परत गायली नाही.

या वेळी मी तिला फोन केला. तिच्या बोलण्यात आता गुजराती मिसळलं आहे, पण माझा आवाज ओळखल्यावर ती अहिराणीत आली. मुखपृष्ठाचं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मी तो फोटो देखाच नही. पप्पानी पेपर घरमा येऊच दिन्हा नही. पहिले माले धाडा, मंग सांगसू." मग सहज, भाजीचा भाव विचारावा तसं, "तवय काबरं इचारं नही?" मी म्हटलं, पान छापायला जायचं होतं, वेळ नव्हता. "हां, पेपरमा तसंच व्हस," ती म्हणाली.

फोटो मी पाठवला आहे. उत्तर यायचं आहे, आणि ती नको म्हणाली तर पुस्तकात तो जाणार नाही, तसं प्रकाशकांना कळवलंय. पण चाचा, त्या रविवारी मी पाच वाजता कचेरीत पोचलो होतो आणि पान आठला जायचं होतं. शेडमध्येच विचारता आलं असतं, आणि तिची कॉलनीही माझ्या वाटेवरच होती. ती नको म्हणेल म्हणून मी थांबलो नाही. हे तिला अजून सांगितलेलं नाही; तुम्हाला लिहिणं सोपं पडलं.